दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलतं तेव्हा

रविवार, रात्र

गाव एकदा सुटलं तरी बोली तग धरते. बिऱ्हाड दुसऱ्यांदा हललं की तिचं काही खरं नसतं. मालवणहून लालबाग-परळच्या गिरण्यांत आलेल्यांची मालवणी चाळीत टिकली, ती काही अभिमानामुळे नव्हे. गाववाल्यांची खोली होती, भजन होतं, गणपती-शिमग्याला गावी जाणं होतं. मालवणीवाचून अडत होतं. त्याच घरातलं कोणी दुबईला गेलं की हे सगळं मागे राहतं. तिथे शाळेत इंग्रजी, हिंदी, वर सक्तीची अरबी. आईबाप काटछाट करतात आणि पहिली कात्री बोलीला: ‘आधी शुद्ध मराठी तरी येऊ दे.’ मला हा हिशेबच उलटा वाटतो. बोली गेली की आजीशी गप्पा आटतात, मग ती शुद्ध मराठी तरी बोलायची कोणाशी?

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, रायगडातून मुंबईला आणि १९४८नंतर इस्रायलला गेले. मराठी कीर्तनं नेली, नियतकालिकही काढलं. तरी तिथे जन्मलेली भावंडं आपसांत हिब्रूच बोलू लागली. सगळी मेख या ‘आपसांत’मध्ये आहे. थोरलं शाळेत जाऊ लागलं की शाळेची भाषा दप्तरातून घरी येते आणि धाकट्याला ती थोरल्याकडूनच मिळते. म्हणून आधी थोरल्याला धरावं.

‘मराठीत बोल’ म्हटलं की मूल गप्प होतं. ते ‘आजी, पानी पिओगी?’ म्हणालं, तर आजीने ‘हो, पाणी पिते, तांब्यातलं दे’ एवढंच म्हणावं. व्हिडिओ कॉलवर आई मध्ये बसली की दुभाषी होते. तिने उठून जावं आणि मुलाला काम द्यावं: ‘बांगड्याच्या तिखल्यात तिरफळां किती घालूची, आजीक इचार.’

परत मुंबईत आल्यावर निराळंच. २०२०च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. अक्षरओळख हिंदीमुळे आयती मिळते. अडतं ते ‘ळ’वर, ‘चार’ आणि ‘चाक’मधल्या वेगळ्या ‘च’वर, आणि सर्वांत जास्त आकड्यांवर. एकोणसाठ म्हटलं की मूल बोटं मोजतं, कारण पाढे इंग्रजीत पाठ झालेले. सुटे पैसे त्यालाच मोजू द्यावेत. मुंबईत भाजीवाला बहुधा हिंदीत बोलतो, म्हणून कोळणीकडे पाठवावं. ती वाट्याचा भाव मराठीत सांगते आणि घासाघीसही मराठीतच करायला लावते.