आमची वाटचाल : ४५ हजारांच्या फियाटने शिकवलेलं काम

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गॅरेज सुरू केलं ते १९८१ मध्ये. जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा, एक ट्रॉली जॅक, आणि आजूबाजूला लेथवाले नि फाउंड्रीवाले. हा शेजारच आमचं खरं भांडवल. कंपनीने पार्ट काढायचा बंद केला तरी जुना नमुना घेऊन गेलं की उद्यमनगरात कुणी ना कुणी तो ओतून, कातून देतोच. त्या काळी आमच्याकडे यायच्या त्या फियाट, अॅम्बेसेडर आणि जीप. रोजच्या गाड्याच त्या, ‘क्लासिक’ वगैरे त्यांना कुणी म्हणत नव्हतं.

मी आयटीआय करून २००३ मध्ये अण्णांच्या हाताखाली आलो. पद्मिनी फियाट निघायची बंद झाली होती, रोजचं गिऱ्हाईक मारुतीकडे गेलं होतं. आमच्याकडे राहिली ती माणसं, ज्यांना वडिलांची गाडी भंगारात घालवत नव्हती. त्यांच्याच गाड्या पूर्ण उघडून, पत्रा बदलून, इंजिन नव्याने बांधून द्यायचं काम हळूहळू वाढलं. दोन माणसांची सहा झाली, शेजारचा गाळा घेतला. ही वर्षं मी भरभर सांगतोय, कारण धंद्याला खरं वळण लागलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये.

आमच्या एका गिऱ्हाइकाची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट. ते निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही सरच म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. २०१६ मध्ये ती आम्ही अकरा महिने खपून उभी केली होती. फ्लोअरचा पत्रा नवा, हँडल गियरच्या (स्टिअरिंगजवळच्या गियरच्या) सगळ्या लिंका नव्या, ग्रिलला आणि बंपरला क्रोम, मूळच्याच पांढऱ्या रंगाचा हात. सगळी मिळून बिलं ३,८५,००० रुपयांची झाली.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. सरांचं घर नदीच्या बाजूला. माणसं बोटीतून बाहेर निघाली, गाडी पार्किंगमध्येच राहिली.

पाणी ओसरल्यावर मी आणि आमचे मिस्त्री तिथे गेलो. छपरावर गाळाची रेघ होती. दार ओढलं तसा आतला चिखल पायावर आला. डिपस्टिक काढली तर ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा, म्हणजे इंजिनात पाणी गेलेलं. मॅटखाली मऊ, बारीक गाळ बसलेला. त्यात बोट घातलं तर दुसरं पेर बुडालं. सर बाजूला उभे होते. एवढंच म्हणाले, “विमा आहे रे बाळ, फुल इन्शुरन्स आहे.”

विमा होता, पण त्या कागदावर गाडीची किंमत होती ४५,००० रुपये. काम व्हायच्या आधीपासून हाच आकडा दरवर्षी पुढे ओढला जात होता. तो बदलायचा असतो हे सरांना कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. गाडी ताब्यात देताना मी पेढे दिले, बिलांची पिशवी दिली, पॉलिसीबद्दल एक शब्द बोललो नाही. ही माझी चूक होती आणि ती मला आजही लागते.

पुढचा हिशेब सरळ होता. दुरुस्तीचा अंदाज १,६०,००० वर गेला. दुरुस्तीचा खर्च विमा किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. ४५,००० चे ७५ टक्के म्हणजे ३३,७५० रुपये. सरांना गाडी सोडायची नव्हती, म्हणून भंगाराची किंमत १५,००० वजा झाली, शिवाय सक्तीची कपात १,०००. हातात आले २९,००० रुपये. विम्याचं नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरने यात काहीही वावगं केलं नाही. त्याच्यासमोर जो कागद होता, त्याप्रमाणे त्याने केलं.

त्या दिवाळीत मी नियम वाचायला बसलो. विम्याच्या कागदावर जी किंमत असते तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत तिचा तक्ता ठरलेला : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, पाचव्या वर्षी ५० टक्के. त्यापुढच्या आणि बंद पडलेल्या मॉडेलच्या गाड्यांना तक्ताच नाही. किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची. म्हणजे बोलायची जागा आपल्याला ठेवलेली आहे, आपण तिथे बोलत नाही एवढंच. आणि एकदा पॉलिसी निघाली की टोटल लॉसला तो आकडा वर्षभर पक्का. म्हणून जे काही भांडायचं ते पॉलिसी निघायच्या आधी भांडायचं.

विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे दर-नियमांच्या पुस्तकात, ‘ठरलेल्या किमती’ची (अॅग्रीड व्हॅल्यू) वेगळी पॉलिसी फक्त व्हिंटेज गाड्यांना होती : ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा दाखला असलेल्या. आपल्याकडे दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपतींची मेबॅक गाडी त्या काळातली. सरांची फियाट कितीही देखणी असली तरी त्या रांगेत बसत नाही. तिला आयडीव्हीचाच रस्ता.

तेव्हापासून आम्ही नवं काम धरलं. गाडी बांधून झाली की विम्याची किंमत ठरवायला तिची फाईल करून द्यायची. किमतीवर सही परवानाधारक सर्व्हेअरची असते, आमची नाही. पण त्याच्या हातात काय द्यायचं ते आम्हाला कळतं. आरसी चालू आहे का, पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का, हे पहिलं. मग चासी आणि इंजिन नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. आपल्या भागात पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी फियाटमध्ये आणि जीपमध्ये डिझेल इंजिनं बसली. आरसीवर त्याची नोंद नसेल तर आम्ही फाईल उघडतच नाही, आधी आरटीओत जाऊन या म्हणतो. त्यानंतर उघड्या पत्र्यापासून शेवटच्या हातापर्यंतचे तारखेसह फोटो, आमची आणि लेथवाल्याची बिलं, आणि तशाच गाड्या अलीकडे काय भावाने गेल्या याची शक्य तेवढी माहिती.

या शेवटच्या मुद्द्यावर गिऱ्हाइकाशी वाद होतो. चार लाख खर्च झाले म्हणून गाडी चार लाखांची होत नाही. अॅम्बेसेडरवर घातलेला पैसा सहसा बाजारात पूर्ण परत येत नाही. उलटी दारं असलेली डुक्कर फियाट, म्हणजे जुनी गोलसर ११००, नीट असेल तर लोक शोधत येतात. मी दोन्ही आकडे लिहितो : बाजारात काय मिळेल, आणि तशीच गाडी पुन्हा उभी करायला किती लागतील. कंपनी साधारण पहिल्याच्या जवळ थांबते. पण दुसरा आकडा समोर असला की पहिल्याकडे बघायची तिची नजर बदलते, हे मी अनेकदा पाहिलंय.

मागे सांगलीहून एक गृहस्थ चकचकीत लाल डुक्कर फियाट घेऊन आले. नुकतीच विकत घेतलेली, नऊ लाखांची फाईल हवी होती. मी रुमालात लोहचुंबक गुंडाळून दारावरून फिरवला. वर चिकटला, खाली आला तसा सुटला. दाराखालच्या सिलवर तर धरेचना. आत पत्रा नव्हता, नुसती लांबी (पुट्टी) भरून घासलेली. आम्ही लिहिलेला आकडा त्यांच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी होता. ते चिडून गेले, आमच्याबद्दल चार ठिकाणी वाईट बोलले. तरीही तो आकडा मी बदलला नसता. एक खोटी फाईल निघाली की पुढच्या वीस खऱ्या फायलींकडे सर्व्हेअर संशयाने बघतो.

आणखी एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. आयडीव्ही चांगली मिळाली तरी छोट्या अपघातात पूर्ण पैसे येत नाहीत. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, रबर-प्लॅस्टिकवरही ५० टक्के. काचेवर कापत नाहीत. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे मडगार्ड बदलावं लागलं तर त्या पार्टचा निम्मा खर्च आपला, हे धरूनच चालायचं.

२०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ (व्हिंटेज) नोंदणीचे नियम आले तेव्हा सरांनी विचारलं, आपण घ्यायची का? मी नको म्हटलं. ती नोंदणी घेतली की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती यापुरतीच बाहेर काढता येते. सर दर रविवारी सौंना घेऊन रंकाळ्यावर जातात.

हो, ती फियाट पुन्हा उभी राहिली. मजुरी आम्ही घेतली नाही, पार्टचे पैसे सरांनी हप्त्याने दिले. आता पॉलिसीवर ३,४०,००० आहेत. मिळवायला तीन कंपन्यांचे उंबरे झिजवावे लागले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, तेव्हा सरांनी आदल्या संध्याकाळीच गाडी आमच्या गाळ्यात आणून लावली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. आता मृग लागायच्या आत ती दरवर्षी येते. आम्ही धुतो, खालून-वरून फोटो काढतो, फाईलला नवी तारीख घालतो. परवाच येऊन गेली. पुढच्या डाव्या दाराचं रबर बदलायला झालंय, तेवढं एक लिहून ठेवलंय.