मराठी विकिपीडियावरची आवराआवर

मराठी विकिपीडियावर काम करायचंय असं कोणी म्हटलं की पहिली गोष्ट सुचते ती नवीन लेख लिहायची. लिहा की, हवेच आहेत. पण माझं स्पष्ट मत आहे की आत्ता त्याहून जास्त गरज आहे ती जी पानं आहेत ती नीट लावायची, कारण लेख चांगला असला तरी वाचकाला सापडलाच नाही तर तो असून नसल्यासारखा. 'विशेष पृष्ठे' मध्ये जाऊन 'पोरके लेख' आणि 'अवर्गीकृत पाने' या दोन याद्या एकदा उघडून बघा. पोरके म्हणजे ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याच लेखातून दुवा येत नाही ते, आणि अवर्गीकृत म्हणजे कुठल्याच वर्गात न टाकलेले. कोणीतरी वेळ काढून, संदर्भ शोधून लिहिलेलं असतं आणि ते तसंच पडून राहतं, मला याचं खरंच वाईट वाटतं.

वर्ग म्हणजे एका प्रकारच्या पानांची यादी. पानाच्या तळाशी [[वर्ग:अमुक]] असं लिहिलं की ते पान आपोआप त्या यादीत जाऊन बसतं. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला आणि मीडियाविकीत, म्हणजे विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यात, वर्गांची सोय आली २००४ मध्ये, म्हणजे सुरुवातीला हे नव्हतंच, नंतर जसजसे लोक येत गेले तसतसे वर्ग पडत गेले. त्यामुळे 'मराठी लेखक' आणि 'मराठी साहित्यिक' अशा दोन वर्गांत नक्की काय फरक धरायचा हा प्रश्न आजही नवीन माणसाला पडतो, आणि तो पडला की माणूस सरळ दोन्हीत टाकून मोकळा होतो.

पण वर्गांची खरी ताकद कळते ती गावांच्या पानांवर. वर्गाच्या एका पानावर एका वेळी फक्त २०० नावं दिसतात. एखाद्या जिल्ह्यातली सगळी गावं थेट 'अमुक जिल्ह्यातील गावे' मध्ये टाकली तर वाचकाने 'पुढचे पान, पुढचे पान' करत किती जायचं? म्हणून तालुक्याचा वर्ग करायचा, गाव तालुक्याच्या वर्गात, तालुक्याचा वर्ग जिल्ह्याच्या वर्गात, जिल्ह्याचा राज्याच्या वर्गात. आता याचा फायदा नुसता दिसण्यापुरता नाहीये. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, वसई, पालघर असे ८ तालुके गेले. समजा या तालुक्यांतली गावं आपापल्या तालुक्याच्या वर्गात असतील तर काम किती? ८ वर्गपानं उघडायची, प्रत्येकावरची 'ठाणे जिल्हा' ची ओळ बदलून 'पालघर जिल्हा' करायची, झालं, सगळी गावं मागोमाग आपोआप नवीन जिल्ह्यात. आणि तीच गावं थेट ठाण्याच्या वर्गात टाकलेली असतील तर एकेक पान उघडा, बदला, जतन करा. शेकडो पानं. म्हणून मी नेहमी सांगते की पान सगळ्यात आतल्या वर्गात टाका आणि वरच्या वर्गात परत टाकू नका. शिवनेरी 'पुणे जिल्ह्यातील किल्ले' मध्ये असेल आणि तो वर्ग 'महाराष्ट्रातील किल्ले' मध्ये असेल तर शिवनेरीच्या पानावर दोन्ही ओळी कशाला हव्यात.

दुसरा घोळ नावांचा. महाराष्ट्रात एकाच नावाची गावं इतकी आहेत की बस. शिरूर घ्या, एक पुणे जिल्ह्यातलं घोडनदीवरचं, एक बीडमधलं शिरूर कासार, एक लातूरमधलं शिरूर अनंतपाळ. कर्जत रायगडात पण आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यात पण. खेड पुणे जिल्ह्यात, खेड रत्नागिरीत. अशा वेळी 'शिरूर' हे पान निःसंदिग्धीकरणाचं ठेवायचं, म्हणजे त्यावर नुसती यादी, कुठलं शिरूर हवंय ते वाचक निवडेल. इथपर्यंत सगळे करतात आणि इथेच थांबतात, पण अर्धं काम पुढेच आहे, कारण आधीपासून कितीतरी लेखांमध्ये नुसतं [[शिरूर]] असं लिहून ठेवलेलं असतं आणि तो प्रत्येक दुवा आता यादीच्या पानावर जातो. मग 'येथे काय जोडले आहे' वर टिचकी मारायची, जी यादी येते त्यातला एकेक लेख उघडून वाचायचा. हो, वाचायचाच. 'त्यांचे शिक्षण शिरूर येथे झाले' एवढंच लिहिलेलं असतं आणि ते कुठलं शिरूर हे वरच्या परिच्छेदात बीडचा उल्लेख सापडला की मग कळतं. तेव्हा तिथे [[शिरूर कासार|शिरूर]] असं करायचं, म्हणजे वाचकाला दिसतं शिरूरच पण जातो तो बरोबर गावाला. हे काम बॉट, म्हणजे आपोआप बदल करणारा प्रोग्राम, करू शकत नाही, त्या भागाची माहिती असलेला माणूसच लागतो, आणि तुमच्या तालुक्याबद्दल तो माणूस तुम्हीच आहात.

तिसरी गोष्ट जरा किचकट आहे पण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. आपण 'ॲ' टाइप करतो ते प्रत्येकाच्या कीबोर्डप्रमाणे वेगवेगळं साठवलं जातं. आता ॲ हे एकच स्वतंत्र अक्षर आहे पण ते युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, त्यात पण कोणी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं, कोणी नाही. तसंच 'दऱ्या' मधला ऱ्य, तो पण दोन तऱ्हांनी लिहिता येतो. स्क्रीनवर जवळपास सारखं दिसतं, डोळ्यांना फरक कळत नाही, पण विकीच्या दृष्टीने ती वेगळी नावं, म्हणून पान असूनही दुवा लाल, म्हणजे पानच नसल्यासारखा, दिसतो, आणि लाल दिसला की कोणीतरी नवीन पान बनवतं, मग एकाच विषयाची दोन पानं आणि वर्ग पण दोन, अर्धे लेख इकडे अर्धे तिकडे. लाल दुवा दिसला की लगेच लिहायला बसू नका, आधी दुसऱ्या तऱ्हेने टाइप करून शोधा. आणि दोन पानं सापडलीच तर मजकूर एकात आणून दुसऱ्यावर पुनर्निर्देशन टाका, म्हणजे तिथे आलेला वाचक आपोआप पहिल्या पानावर जाईल.

पुनर्निर्देशन हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे. एक ओळ लिहायची, #पुनर्निर्देशन आणि पुढे [[ ]] मध्ये खऱ्या पानाचं नाव, बास. कोणी कुसुमाग्रज शोधेल, कोणी वि. वा. शिरवाडकर, कोणी विष्णू वामन शिरवाडकर, आणि 'वि.वा.' मध्ये जागा सोडलेली वेगळी, न सोडलेली वेगळी. केशवसुत शोधणाऱ्याला कृष्णाजी केशव दामले हे नाव आठवेलच असं नाही. वाचकाने कुठलंही नाव टाकलं तरी तो एकाच पानावर पोचला पाहिजे, शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायची ही जागा नाही, किल्ला ऱ्हस्व लिहिला काय आणि दीर्घ लिहिला काय. फक्त एक लक्षात ठेवा, विकी एकच उडी मारतो, पुनर्निर्देशनाचं पुनर्निर्देशन झालं तर वाचक मध्येच अडकतो, म्हणून पान स्थानांतरित केलं, म्हणजे नवीन नावावर हलवलं, की 'दुहेरी पुनर्निर्देशने' ची यादी बघून घ्या.

हे जास्त जाणवलं जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ मध्ये अहिल्यानगर. मुख्य पानाचं स्थानांतरण मिनिटाचं काम आहे, जुन्या नावावरून आपोआप पुनर्निर्देशन पण राहतं. वर्गाचं तसं नसतं. वर्गपान हलवलं तरी आतल्या लेखांमधली ओळ जुनीच राहते, ती प्रत्येक लेखात बदलावी लागते, साच्यातून, म्हणजे अनेक लेखांत वापरलेल्या एकाच तयार मजकुरातून, वर्ग येत असेल तर मात्र एका साच्यात बदल केला की सगळीकडे होतो. आणि जुनी नावं शोधून शोधून पुसायला जाऊ नका प्लीज. १९५० सालच्या घटनेबद्दलच्या वाक्यात तेव्हाचं नाव असणं बरोबरच आहे, आणि जुन्या नावाचं पुनर्निर्देशन तर कधीच काढू नये, जुन्या पुस्तकात वाचून येणारा माणूस तेच नाव टाकणार.

बाकी 'महान संत', 'प्रसिद्ध कलाकार' असले वर्ग बनवू नका, कोण प्रसिद्ध आणि कोण नाही यावर नुसते वाद होतात. मोठा बदल करायचा असेल, म्हणजे पूर्ण वर्गच हलवायचा वगैरे, तर आधी चर्चा पानावर किंवा चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, लिहा, दोन दिवस थांबा, आणि बदलाचा आढावा, म्हणजे जतन करताना काय बदललं ते लिहायची चौकट, रिकामा सोडू नका, मागून येणाऱ्याला कळायला हवं तुम्ही असं का केलं.

मी सध्या वर्धा जिल्ह्याच्या पानांवर आहे. तिथे सेलू आहे, ते परभणीत पण आहे. आष्टी आहे, ती बीडमध्ये पण आहे. कारंजा घाडगे आहे आणि तिकडे वाशिममध्ये कारंजा लाड. नुसतं 'कारंजा' लिहिलेले दुवे तर एकेक वाचूनच लावावे लागतायत. तिकडचं कोणी असेल तर माझ्या सदस्य चर्चा पानावर नक्की लिहा, गावं वाटून घेऊ.