मोहरीशिवाय फोडणी

येत्या शनिवारी आमच्या लीड्सच्या घरी 12 माणसे जेवायला येणार आहेत. जेवणाला एखादे सूत्र असावे अशी माझी फार दिवसांची हौस होती, म्हणून या वेळी ‘बेसन’ हा विषय ठरवला. पिठले-भाकरी, कांदाभजी, कोथिंबीर वडी, सुरळीची वडी आणि शेवटी लाडू अशी एकाच पिठाची रूपे एका ताटात मांडायची आणि आपल्या स्वयंपाकघरात एका डाळीचे काय काय होऊ शकते हे इथल्या मंडळींना दाखवायचे, असा बेत होता. निमंत्रण पाठवताना इथल्या रीतीप्रमाणे ‘खाण्याची काही बंधने असल्यास कळवावे’ अशी ओळ जोडली. खरे सांगायचे तर ती मी केवळ शिष्टाचार म्हणून लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंचे उत्तर आले. त्यांच्या 7 वर्षांच्या मुलाला शेंगदाणे आणि मोहरी यांची तीव्र ऍलर्जी आहे, तुम्हाला त्रास नको, त्याचा डबा मी बरोबर आणीन, असे त्यांनी लिहिले होते. तो निरोप वाचून मला अपमान झाल्यासारखे वाटले. माझ्या घरी जेवायला बोलावलेल्या लेकराने स्वतःचा डबा उघडून बसावे, हे चित्र मला सहन होईना.

शेंगदाण्याचे कळले, पण मोहरीपाशी मी अडले. मोहरीची ऍलर्जी असू शकते हे मला इथे येईपर्यंत ठाऊकच नव्हते. ब्रिटनच्या कायद्यात 14 ऍलर्जीकारक घटक ठरवून दिलेले आहेत आणि शेंगदाणे, तीळ, दूध, गहू यांच्याबरोबर मोहरीही त्या यादीत आहे. आपल्याकडेही पाकिटावर ऍलर्जीचे घटक छापण्याचा नियम आहे, मात्र त्या यादीत मोहरी नाही आणि तीळही नाहीत. 2016 साली तिळाची ऍलर्जी असलेली 15 वर्षांची एक मुलगी इथे विकत घेतलेले सँडविच खाऊन दगावली. पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता. त्यानंतर तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम झाला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून, दुकानातच तयार करून तिथेच पाकीटबंद विकल्या जाणाऱ्या खाण्यावरही सगळे घटक छापणे सक्तीचे झाले. हे नियम व्यावसायिकांसाठी आहेत, घरगुती जेवणावळीला लागू नाहीत. तरीही शाळेच्या मैदानात, वाढदिवसाला, शेजारी चहाला गेले तरी हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला जातो की कायदा नसता तरी तो विचारला गेला असता असे वाटते.

मग मी माझा मिसळणाचा डबा उघडला आणि त्याच्याकडे पाहतच राहिले. हा डबा लग्नानंतर आईने दिला. त्यात 7 वाट्या आहेत, मोहरीची वाटी जिऱ्याला खेटून आहे आणि सगळ्यांना मिळून एकच चमचा आहे. इतकी वर्षे तो चमचा मोहरीतून जिऱ्यात आणि जिऱ्यातून हळदीत फिरत आला आहे. हळदीत दोन-चार काळे दाणे दिसले तर ते आपल्या घरात स्वयंपाक चालतो याचे लक्षण, असेच मी मानत आले. त्या मुलाच्या दृष्टीने या डब्यातली एकही वाटी निर्धोक नाही. मिक्सरच्या ज्या भांड्यात मी दाण्याचे कूट करते, त्याच्या रबरी कडीत काय अडकलेले असेल याची खात्री मला देता येत नाही. कढईतले तेलही नवे हवे. एका फोडणीसाठी मला अर्धे स्वयंपाकघर नव्याने मांडावे लागले.

शेवटी असे ठरले: बंद पाकिटातले अख्खे जिरे, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि हिंग. पण हिंगही सरळ निघाला नाही. बाजारातल्या बांधानी, म्हणजे पीठ मिसळून तयार केलेल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते आणि आमच्या एका पाहुण्याला ग्लुटेन चालत नाही, म्हणून तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणला. पिठल्यावर मोहरी तडतडली नाही तर त्याला पिठले म्हणावे का, असे मनात आले, पण करून पाहिले आणि जिऱ्याची फोडणीही चांगली लागली.

आईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अगं, पाहुण्यांना इतकं विचारून का कुणी स्वयंपाक करतं?” मला आपली बाजू मांडावीशी वाटली. आपणही विचारतोच. पंगतीत कांदा-लसूण न खाणाऱ्यांची आमटी वेगळी होते, चतुर्थीला उपवासाचे ताट वेगळे वाढले जाते. पाहुण्याचे पथ्य सांभाळणे ही इथल्या लोकांनी आपल्याला शिकवण्याची गोष्ट नाही. मात्र आपल्या पथ्याला आग्रह वाकवू शकतो. ‘एका लाडवाने काही होत नाही’ हे वाक्य मी स्वतः मधुमेही काकांना किती प्रेमाने म्हटले आहे! या मुलाच्या दप्तरात ऍलर्जीचा झटका आल्यास तातडीने द्यायची ऍड्रेनलिनची 2 इंजेक्शने कायम असतात, आणि त्याला कुणी असा आग्रह केला तर काय होईल, या विचाराने मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

बेसनाचा प्रश्न उरला होता. हरभरा आणि शेंगदाणा दोन्ही शेंगांच्या कुळातले, त्यामुळे मी आधी शेजारणीला विचारले. मुलगा छोले नेहमी खातो, त्याला हरभऱ्याचा त्रास नाही, असे तिने सांगितले. माझ्या घरच्या पाकिटावर ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ अशी सूचना होती. दुसऱ्या पाकिटावर ती नव्हती, पण अशी सूचना छापणे इथे ऐच्छिक असल्यामुळे ती नाही म्हणजे धोका नाही, असे धरता येत नाही. मी हे तिला कळवले, तेव्हा संध्याकाळी ती दारात उभी होती. मुलासाठी ती नेहमी वापरते ते बेसनाचे न फोडलेले पाकीट तिच्या हातात होते. आणखी दोन मागवून देते, म्हणाली. सगळ्यांसाठी त्याच पिठाचे करू, म्हणजे त्याला वेगळे ताट नको, असे मी तिला सांगितले.

आणि डबाही आणायला सांगितले आहे.