पंजीच्या नावाची घागर

मूर्तिजापूरला गाडीतून उतरून मी दर्यापूरची एसटी धरली, तेव्हा चैत्रातले ऊन सकाळीच तापले होते. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ वाटेत बाभळींच्या आड दिसत आणि पुन्हा हरवत होते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा आहे. जमीन काळीभोर, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि गोड पाण्यासाठी इथल्या बायकांच्या कित्येक पिढ्या मैलोन्‌मैल चालल्या आहेत.

आमच्या घरी अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर मांडतात आणि चिंचवणीचा नैवेद्य दाखवतात. गेल्या वर्षी पंजीचे नाव घेतले गेले तेव्हा आत्या हळूच म्हणाली की ती आजोबांची सावत्र आई; जन्म देणारी तर ते दोन वर्षांचे असतानाच गेली. तिचे नाव मात्र आत्यालाही ठाऊक नव्हते. ज्या बाईमुळे आपण या जगात आहोत तिला हाक मारायला आपल्याकडे शब्दच नाही, ही गोष्ट मला वर्षभर टोचत राहिली.

वऱ्हाडात जुन्या जन्ममृत्यूंचा माग काढायचा तर कोतवाल बुकाला पर्याय नाही. आज बहुतेक लोक त्याची नक्कल जातीच्या दाखल्यासाठी काढतात. मी एका नावासाठी आलो होतो. नोंदी मोडीत असल्याने गावातले एक निवृत्त गुरुजी माझ्यासोबत तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आले. आजोबांची 1916 सालची नोंद लवकर सापडली. तिच्यात वडिलांचे नाव होते आणि पुढे नुसतेच ‘मुलगा’. आईचा उल्लेखच नव्हता.

मग गुरुजींनी 1918 ची पाने उघडली. मुंबई बंदरातून शिरलेली इन्फ्लुएंझाची साथ रेल्वेच्या वाटेने देशभर पसरली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात तिने हाहाकार माजवला, हे मी वाचलेले होते. पण त्या पानावर ती साथ मला पहिल्यांदा दिसली. एरवी महिनाभरात पाच-सहा नोंदी असणाऱ्या वहीत एकाच दिवसाखाली सात नावे होती. मरणाच्या कारणाच्या रकान्यात सर्वांत वर ‘ताप’ आणि त्याखाली पानाच्या तळापर्यंत ‘सदर, सदर, सदर’. लिहिणाऱ्याचा हात थकत गेल्यासारखी अक्षरे खाली खाली पसरट होत गेली होती. गुरुजींचे बोट एका ओळीवर थांबले. पणजोबांची बायको, वय 22. दोन ओळी सोडून त्याच घरातली मुलगी, वय सहा महिने. या मुलीबद्दल आमच्या घरात कधी कोणी अवाक्षर काढले नव्हते.

गुरुजींनी पंजीचे नाव सावकाश, अक्षर लावून वाचले. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते आधी घागरीसमोर उच्चारले जायला हवे.

संध्याकाळी गावात गेलो. जुन्या घराच्या जागी पांढरीचा उंचवटा आणि एक कडुनिंब एवढेच उरले आहे. भावकीतल्या मोठ्या आईने, वय पंच्याऐंशीच्या पुढे, मला ओसरीत बसवले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, “सापडलं का रे बाप्पा तिचं नाव?” मी सांगितले. तिने ते दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिले, डोळ्यांना पदर लावला आणि मग म्हणाली, “मंग औंदा एक घागर जास्तीची मांडू. अन् त्या लेकरासाठी एक लहान बोळकं.”