घेण्यास नकार

दुपारी जेवण झाल्यावर मेल उघडला तर वर तांबडी पट्टी: जागा संपत आली आहे, लवकरच नवे मेल येणं बंद होईल. आधी मला ती धमकी वाटलीच नाही. अक्षय्य तृतीयेच्या सोन्यावरची सूट, ‘फक्त तुमच्यासाठी’ मंजूर झालेलं कर्ज आणि गुडघेदुखीवरचं तेल यायचं थांबणार असेल तर थांबू दे की! पण त्याच वाटेने लाइट बिल येतं आणि भाचीची पत्रं येतात. तेव्हा चष्मा लावून साफसफाईला बसले.

१ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, एक जीबी जागा फुकट म्हणून. तारीख बघून पुष्कळांना एप्रिल फूलच वाटलं होतं, कारण तोवर हॉटमेलवर मिळायच्या दोन एमबी. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचं आणि आधी जुने मेल पुसायचे, कारण अमेरिकेतल्या भावाने बाळाचा फोटो पाठवलेला असायचा आणि त्या एका बाळाने अख्खा डबा व्यापलेला असायचा. आता काही पुसायची गरजच नाही, ही जीमेलची तेव्हाची मोठी बढाई. आम्ही दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवणारी माणसं. आम्हाला ‘टाकू नका’ असं कुणी सांगायची गरज होती का? एक जीबीचे पुढे पंधरा झाले. तेही भरले.

युक्ती सोपी आहे. शोधायच्या चौकटीत ‘अनसबस्क्राइब’ टाकलं की सगळी बाजारपेठ एका रांगेत उभी राहते. एकदा कुकरची रिंग मागवली होती त्या दुकानाने तेव्हापासून मला रोज पत्र लिहिलंय. इतकं नियमित मला माझ्या नवऱ्यानेही कधी लिहिलं नाही, साखरपुडा ते लग्न या काळातसुद्धा.

यादीतून नाव काढा म्हटलं की एक दुःखी चेहरा येतो. तुम्ही का चाललात? आमचं काही चुकलं का? आठवड्यातून एकदाच लिहिलं तर चालेल का? सासरी निघालेल्या मुलीला कुणी इतकं अडवत नाही. एवढं होऊन खाली बारीक अक्षरांत, ‘नाव काढायला कामाचे दहा दिवस लागू शकतात.’ ही मुदत अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यातली, पण आपल्याकडच्या साडीच्या दुकानाचा मेलही ती हक्काने घेतो. २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना दटावलंय, की एका टिचकीत आणि दोन दिवसांत नाव निघालं पाहिजे. दटावल्याचा परिणाम थोडा दिसतो. जे मुळातच चोर आहेत त्यांच्या बाबतीत मात्र ते बटण दाबायचंच नाही. दाबलं की या पत्त्यावर जिवंत माणूस आहे, एवढं त्यांना कळतं, आणि त्यांना तेवढंच हवं असतं.

मग उरतं ब्लॉक. हे बटण मला आवडायचं, ते नेमकं काय करतं हे कळेपर्यंत. आपल्याला वाटतं, ब्लॉक केलं म्हणजे मेल यायचा थांबला. तसं नाही. तो येतोच, फक्त स्पॅममध्ये जाऊन पडतो आणि तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो. म्हणजे तोंडावर दार लावलं तरी पाहुणा महिनाभर ओट्यावर बसलेला. आणि दार लावलंय याचा त्याला पत्ताच नाही.

आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, या बाबतीत सरळ होते. वाईच्या घरात सोप्यातल्या खांबाला पत्रांची तार होती, खाली लाकडी चकती आणि वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की तारेत टोचायचं. हळदीचं बोट लावलेलं आलं तर आधी देवापुढे, मग तारेत. कुणी गेल्याचं कार्ड आलं तर वाचून तिथल्या तिथे फाडायचं, ते घरात ठेवायचं नाही. सगळी व्यवस्था एवढीच, आणि ती तार कधी ओसंडली नाही. भरत आली की आप्पा खालचा गठ्ठा काढून बंबात घालत.

आमचे धाकटे आजोबा वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून काहीबाही मागवायचे आणि विसरून जायचे. राशीची अंगठी, केस वाढवायचं तेल. महिन्याभराने पैसे भरून सोडवायचं पाकीट घेऊन पोस्टमन दारात.

“आप्पा, व्हीपी हाय.”

“कुणाची?”

“धाकल्या आप्पांची. बावीस रुपये.”

“घेत नाही म्हणून लिहा.”

पोस्टमन खांबाला टेकून पाकिटावर ‘घेण्यास नकार’ लिहायचा, खाली तारीख, सही. मग पाणी पिऊन, पावसाची चौकशी करून जायचा. ते पाकीट उलट्या पावली जिथून आलं तिथे परत. कुठल्या तरी लांबच्या गावातल्या अंगठीवाल्याला नक्की कळत असणार, की वाईच्या अमुक गृहस्थांनी आपल्याला नको म्हटलंय. धाकटे आजोबा आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत आणि बाहेर येत नसत.

आजीपुढे मात्र आप्पांचं चालायचं नाही. संतोषी मातेची कार्डं तिच्या नावाने यायची. हे पत्र मिळताच एकवीस पत्रं लिहा, एकाने लिहिली त्याला लॉटरी लागली, एकाने फाडलं त्याचा मुलगा आजारी पडला. खाली पाठवणाऱ्याचं नाव नसायचं. पण अक्षर? अक्षर आजी लगेच ओळखायची. “ही आपली साताऱ्याची वन्संच.” १५ पैशांचं एक कार्ड, म्हणजे एकवीस कार्डांचे ३ रुपये १५ पैसे, हा हिशेब आप्पा मोठ्याने करायचे. आजी ऐकून घ्यायची आणि मला बोलवायची, कारण माझं अक्षर बरं होतं. पाठवायची कुणाला हा खरा प्रश्न. पत्ते माहीत होते ते सगळे नातेवाईकांचे, आणि त्यांच्याकडे ते कार्ड आधीच पोचलेलं. एकदा मी लिहिलेला मजकूर फिरून, दुसऱ्याच्या अक्षरात, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट आमच्याकडे परत आला होता.

पुढे कधी तरी वाचलं, की संगणकावरचं पहिलं नकोसं पत्र ३ मे १९७८ चं. गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या चारशेच्या आसपास लोकांना आपल्या कंपनीच्या नव्या यंत्रांचं आमंत्रण पाठवलं. पत्ते छापील यादीतून पाहून हाताने टाइप केले होते, आणि ते इतके झाले की वरच्या रकान्यात मावेनात, खाली मजकुरात सांडले. लोक चिडले, तक्रारी झाल्या. यंत्रं मात्र विकली गेली, असं तो पुढे सांगत राहिला. चारशे पत्ते बसून टाइप करायचे, हे वाचून मला त्याचा राग येईना. एकवीसच लिहिताना माझं बोट दुखायचं.

नातेवाइकांना ब्लॉक करता येत नाही, हे आजीपासून माझ्यापर्यंत जसंच्या तसं आलंय. आमचे एक काका निवृत्त झाल्यापासून फॉरवर्ड करतात. व्हॉट्सॲप आलं तरी त्यांनी मेल सोडला नाही, कारण पॉवरपॉइंट मेलवरच नीट उघडतं असं त्यांचं मत. सूर्योदय, कमळ, त्यावर सुविचार, मागे बासरी. मी एक फिल्टर लावलाय: काकांचं जे येईल ते इनबॉक्सला वळसा घालून थेट ‘काका’ नावाच्या लेबलात. लग्नकार्यात भेटले की विचारतात, “पाहिलंस का गं?” “हो काका, छान होतं.” कुठलं ते त्यांनीही कधी विचारलं नाही.

खरी पंचाईत आहे माझ्या नावाची. आडनाव पाटील, आणि पहिलं नाव आमच्या पिढीत दर वर्गात दोघीतिघींचं असायचं त्यातलं. जीमेलला आमंत्रण लागायचं त्या दिवसांत ऑफिसातल्या एका मुलाने मला आमंत्रण दिलं आणि नाव-आडनाव असा स्वच्छ पत्ता मिळून गेला. मागून आलेल्यांना पुढे आकडे लावावे लागले, आणि त्यातल्या काहीजणी दुकानात पत्ता सांगताना आकडा विसरतात. काहीजणी मध्ये टिंब टाकतात. जीमेल टिंब मोजतच नाही, त्यामुळे टिंबवाल्यांचंही सगळं माझ्याकडे. एकीच्या मुलाची कोल्हापुरातल्या शाळेची फी थकली होती, ती मला कळली. एकीने नागपुरात हॉल बघितला, तीनशे पानांचा भाव मला आला. मला महाग वाटला.

यातलं काय ब्लॉक करायचं? हॉलवाल्याला केलं. शाळेला करवेना.

आणि एका लॅबचे रिपोर्ट येतात. दर तीन महिन्यांनी येतात, त्यावरून अंदाज बांधायचा तो बांधता येतो. फाइलला कुलूप असतं; खाली सूचना असते की नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल टाकून उघडावी. चार अक्षरं माझ्याकडे आहेत. जन्मसालही, तिचं नाव ज्या काळात चलनात होतं ते पाहता, चार-पाच प्रयत्नांत जमेल. मी प्रयत्न केलेला नाही. पण हा मेल ब्लॉक केला तर तो स्पॅममध्ये पडून महिन्याने नाहीसा होणार, आणि नाही केला तर माझ्याकडे पडून राहणार. तिला दोन्हीकडून काही मिळत नाही.

म्हणून मी उलट उत्तर लिहिलं: हा पत्ता चुकीचा आहे, कृपया पेशंटला कळवा. क्षणात परत आलं. पाठवणारा नो-रिप्लाय, त्या पेटीत कुणी बघत नाही. म्हणजे आम्ही कुणाला ब्लॉक करावं की नाही याच्या विचारात इकडे अर्धी दुपार घालवतो, आणि समोरच्याने पहिलं अक्षर लिहायच्या आधीच कानात बोळे घालून ठेवलेले असतात. अंगठीवाल्याला निदान आप्पांचा नकार तरी पोचत होता.

त्या दुपारी मेलच्या तळाशी फोन नंबर सापडला. लावला. मुलगी गोड आवाजाची होती.

“मेल आयडी फक्त पेशंटच बदलू शकतात, मॅडम. तुम्ही पेशंट का?”

“नाही.”

“नाव सांगा.”

सांगितलं.

“मग तुम्हीच की! आणि आयडी पण बरोबर आहे, मॅडम.”

“अहो, आयडी माझाच आहे, पण रिपोर्ट माझा नाही.”

“तुमच्याच नावाने आहे, मॅडम.”

शेवटी मीच म्हटलं, त्यांच्या मोबाइलवर तरी फोन करून सांगा. बघते म्हणाली. बघितलं असेल, नसेल. संध्याकाळी मेल आला: आजच्या संभाषणाला किती तारे द्याल? पाठवणारा तोच. मी चार दिले.