हॉर्सशू कॅन्यनला निघालो आणि तीन तास भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर बसलो

युटाहमधलं हॉर्सशू कॅन्यन हा कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कचाच, पण लांब सुटलेला तुकडा. हायवे २४ सोडला की जवळपास ३० मैल कच्चा रस्ता, वाऱ्याने मध्येच वाळूचे ढिगारे. म्हणून मी दोन महिने आधी एसयूव्ही बुक केली होती. काउंटरवर पोरगा म्हणतो, एसयूव्ही संपल्या, ही सेडान घ्या. अरे पण बुकिंग? तर माझ्याच कागदावर बोट ठेवून दाखवतो, 'ऑर सिमिलर'. आता सेडान आणि एसयूव्हीत सिमिलर काय, तर चार चाकं! बरं, एक एसयूव्ही परत येतेय म्हणून बसवलं, आली तर धुवायला गेली, बायको तंबूच्या बॅगेवर बसून घड्याळ बघतेय. तिसऱ्या तासाला मी शहाणपणा करून बोललो, 'लवकर द्या हो, पुढे कच्चा रस्ता आहे.' झालं! त्याने लगेच करार उलटा करून बारीक अक्षरातली ओळ दाखवली, कच्च्या रस्त्यावर काही झालं तर सगळा खर्च तुमचा. शेवटी दुसऱ्या कंपनीकडून जास्त पैसे मोजून, कच्चा रस्ता चालतो असं लिहून घेऊनच गाडी घेतली. तुम्ही हे बुकिंगच्या वेळीच विचारा, आणि आदल्या दिवशी थेट त्या काउंटरला फोन करा.

ह्या सगळ्यात अंधार झाला. कॅम्पिंग वरच्या कड्यावर, ट्रेलहेडपाशीच, म्हणजे पायवाट सुरू होते तिथेच करता येतं, फी नाही, खाली कॅन्यनमध्ये परवानगी नाही. एक टॉयलेट, बास. खुंट्या खडकात जाईनात, टॉर्च दातात धरून दोऱ्या दगडांना बांधल्या. हां, पाणी तिथे थेंबभरही नाही, पेट्रोल आणि पाणी ग्रीन रिव्हर गावातच भरून घ्या, आणि पावसाचा अंदाज असेल तर जाऊच नका, तो रस्ता बंद पडतो.

सकाळी लवकर उतरलो, जाऊन येऊन ७ मैल, बरंचसं वाळूतून. ग्रेट गॅलरी, म्हणजे खडकावरच्या प्राचीन चित्रांची भिंत, तिच्यासमोर मात्र दोघंही गप्प. गेरूच्या रंगाच्या, माणसाएवढ्या, हातपाय नसलेल्या आकृत्या, काही तर माझ्यापेक्षा उंच, सगळ्या ओळीने आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. बायको हळूच म्हणाली, 'ह्यांनाही गाडी मिळाली नसणार.'

येताना शेवटचा ७८० फुटांचा चढ भर उन्हात आला, तोही त्या तीन तासांच्याच खात्यात धरतो मी. पहिल्या गाडीचा कॅन्सलेशन चार्ज अजून कार्डावर आहे, उद्या परत फोन करणार आहे.