गुन्हा कबूल नाही

मंगळवार, रात्री

आज मामांनी न्यायाधीशांसमोर "कबूल नाही" म्हटलं. आवाज बारीक होता, पण ऐकू गेला. पट्टेवाल्यानं पुकारा केला, मामा पुढे झाले, आरोप वाचून दाखवला, गुन्हा कबूल आहे का विचारलं. पुढची तारीख पडली. सगळं मिळून एक चहा थंड व्हायलाही लागला नसता तेवढ्या वेळात.

फिर्यादीतली ओळ मला आता पाठ झालीय. "सदर इसम दारूच्या नशेत, तोंडास उग्र वास येत असलेला, झोकांड्या खात सार्वजनिक रस्त्यावर मिळून आला." महाराष्ट्र दारूबंदी कायदा, कलम ८५. ठिकाण अशोक चौकाच्या अलीकडे, वेळ सकाळची. त्या दिवशी एकादशी होती, हे मात्र त्या कागदात कुठं नाही. मामा रातपाळी करून घरी चालत येत होते. माळकरी माणूस, एकादशीला संध्याकाळपर्यंत पाण्यावर असतात. साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी मात्र सकाळी कारखान्यातच घेतली होती, डॉक्टरांनी सांगितलेली वेळ चुकवायची नाही म्हणून. रस्त्यात हातपाय कापायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. पोलिसानं नाव विचारलं तर जीभ जड झालेली. चौकीत नेलं, कागद केला, नंतर मामी जाऊन घेऊन आल्या.

कोर्टाच्या व्हरांड्यात आज ह्याच कलमाचे बरेच जण होते. नाव पुकारलं की आत, "कबूल", दंड, पावती, बाहेर. कोणी वाद घातला नाही. काहींनी खरंच प्यायली असेल, त्यांचं मला काही म्हणायचं नाही. पण एक म्हातारा पावती घडी घालत शेजारच्याला म्हणाला, "वाद कोण घालत बसतंय? पाळी बुडते." तो प्यायला होता की नव्हता, हे आता कोणालाच कळणार नाही. कोर्टाच्या वहीत मात्र तो प्यायला होता.

बुधवार

मामांना इथपर्यंत आणणं सोपं नव्हतं. समन्स आल्यापासून ते एकच म्हणत होते, "जाऊ दे की पोरी. पैसे भरतो, मोकळा होतो." कारखान्याचा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, तोही तेच सांगून गेला. यंत्रमागावर मजुरी कामावर मिळते, माग थांबला की पैसा थांबला. एक तारीख म्हणजे एक पाळी गेली. दंडापेक्षा तारखाच महाग पडतील, हा हिशेब चुकीचा नव्हता.

पण मामा एके काळी प्यायचे, आणि म्हणूनच मला हा दंड भरू द्यायचा नव्हता. ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, लपवण्यात अर्थ नाही. पगाराच्या दिवशी मामी कारखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. बाकी दिवस सुपात तंबाखू आणि पानं घेऊन विड्या वळायच्या. हजार विड्यांमागे जी मजुरी मिळायची तिच्यावर दोन मुलांच्या शाळा झाल्या. मग एका आषाढीला मामांनी पंढरपुरात माळ घातली आणि दारू सुटली ती सुटलीच. कुठलं औषध नाही, केंद्र नाही. सुरुवातीच्या दिवसांत अंग थरथरायचं म्हणून मामी रात्र रात्र उशाशी बसायच्या, हे मला आईनं सांगितलंय.

आणि आता सरकारी कागदावर लिहिलंय की तो माणूस एकादशीला सकाळी सकाळी दारूच्या नशेत रस्त्यावर सापडला.

चौकीतून आले त्या रात्री मामा झोपल्यावर मामींनी त्यांच्या सदऱ्याचे खिसे तपासले. मामा झोपले नव्हते, त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा रागानं नाही सांगितलं. "तिची चूक न्हाई," म्हणाले. मी त्याच दिवशी ठरवलं की दंड भरायचा नाही. गुन्हा कबूल करणं म्हणजे नुसती पावती फाडणं नाही. दोषी ठरल्याची ती नोंद असते. मामा जे रोज न पिता जगले, ते सगळे दिवस त्या एका शब्दानं पुसले गेले असते.

शुक्रवार

वकीलबाईंकडे जाऊन आलो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळाल्या, फी नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. त्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार आहेत, स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमाती आहेत, कोठडीतली माणसं आहेत. मामांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या कारखान्यात कोणालाच ठाऊक नसावं. वकील म्हटलं की आपल्याकडे लोक आधी घरातला दागिना काढून बघतात.

मॅडमनी फाइल चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "रक्त घेतलं होतं का?"

नव्हतं घेतलं. दवाखान्यातही नेलं नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते इथं उतरवून ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. दारूबंदी कायद्यात कलम १२९-अ आहे, त्यात संशयिताची वैद्यकीय तपासणी आणि रक्ततपासणी कशी करायची ते आहे. त्याचे नियम १९५९ सालचे. रक्त काढताना कातडी स्पिरिटनं पुसायची नाही, कारण तो अल्कोहोल नमुन्यात जाऊ शकतो, इतक्या बारकाईनं लिहिलेत. ज्यांनी ते नियम केले त्यांना ठाऊक होतं की चुकीचा कागद माणसाचं काय करू शकतो. रक्तात दर १०० मिलीलिटरमागे ५० मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल सापडला तर तो औषधातून किंवा तशा कारणानं आला, हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. गाडी चालवणाऱ्यासाठी वेगळा कायदा, तिथं मर्यादा ३० मिलिग्रॅमची. आमच्या कागदात आकडाच नाही. फक्त वास.

आणि वासाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा निकाल आहे, महाराष्ट्रातल्याच खटल्यातला. तोंडाला दारूचा वास, चाल अस्थिर, बाहुल्या विस्फारलेल्या, बोलणं असंबद्ध, एवढं सगळं असूनही रक्त-लघवी तपासलेली नसेल तर माणूस नशेत होता असं खात्रीनं म्हणता येत नाही. ते ऐकताना मामा पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले.

मी विचारलं, नव्या कायद्यात काही बदललंय का? त्या म्हणाल्या, ते वेगळं कलम. जुन्या दंडविधानात नशेत सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास दिला तर २४ तासांपर्यंत कैद किंवा १० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ आलं, त्यात दंड १,००० रुपयांपर्यंत गेला आणि समाजसेवेची शिक्षाही आली. आमचं प्रकरण राज्याच्या दारूबंदी कायद्याखालचं आहे.

शनिवार

पेठेतल्या डॉक्टरांकडून कागद आणला. चौकीतून सुटल्यावर मामी मामांना तडक तिथंच घेऊन गेल्या होत्या, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. तारीख, वेळ, सही, सगळं आहे. साखर ५२. तीसुद्धा चौकीबाहेरच्या टपरीवर साखरेचा चहा घेतल्यानंतर! ७० च्या खाली गेली की कमी समजतात, ५४ च्या खाली गेली की मेंदूवर परिणाम दिसायला लागतो. घाम, कापरं, अडखळतं बोलणं, तोल जाणं, कधी चिडचिड, कधी भलतंसलतं बोलणं. डॉक्टर म्हणाले, ह्या गोळ्या पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. उपवास आणि रातपाळी एकत्र आली की असं होणारच. उपाशी तोंडाला वास येतो, हेही त्यांनी सांगितलं. उपवासाच्या दिवशी विचारल्याशिवाय ती गोळी घ्यायची नाही अशी ताकीद मिळाली आणि खिशात खडीसाखर ठेवायला सांगितली. ती मामांच्या खिशात आता कायम असते.

"मी येईन कोर्टात," डॉक्टर स्वतःहून म्हणाले. बाहेर बाकावर पेशंट खोळंबलेले होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

रविवार

आज आईची मैत्रीण घरी आली होती. म्हणाली, "तू कशाला दारुड्यांच्या बाजूनं उभी राहतेस गं?"

तिला मी सरळ सांगितलं की दारुड्यांच्या बाजूनं मी उभी नाही. दारूनं माझ्या मामींची उमेदीची वर्षं खाल्लीत. रस्त्यावर पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला दंड झाला पाहिजे, भरपूर झाला पाहिजे. हे सोलापूर आहे. ८ मे १९३० ला ह्या गावातली माणसं रूपाभवानीच्या देवळाकडे शिंदीची झाडं तोडायला गेली होती, तिथून गोळीबारापर्यंत वेळ गेली, मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. चार हुतात्मा पुतळ्यांवरून आपण रोज रिक्षानं जातो. नशाबंदीची चाड ह्या गावाला कोणी शिकवायला नको. पण म्हणूनच तो आरोप कोणावरही नुसत्या वासावर ठेवता कामा नये. ज्यानं दारू सोडलीय त्याच्यावर तर नाहीच नाही. सोडलेल्या माणसाला आपण असंच वागवणार असू तर त्यानं सोडायची कशासाठी?

ती काही बोलली नाही. चहा घेऊन गेली. पटलं की नाही, कळलं नाही.

गुरुवार, तारीख

कॉन्स्टेबलची साक्ष झाली. विशीतला मुलगा असावा. मी त्याच्यावर दात धरून बसले होते, पण त्याला पिंजऱ्यात घाम पुसताना पाहिलं आणि राग उतरला. मॅडमनी आवाज न चढवता विचारलं.

दवाखान्यात नेलं का? नाही.
रक्त घेतलं का? नाही.
शिवीगाळ, आरडाओरडा, मारामारी? नाही, रस्त्याच्या कडेला बसून होते.
जवळ बाटली? नाही.
घाम आला होता? हो, सदरा भिजला होता.
साखर कमी झाली की माणूस कसा दिसतो, माहिती आहे? थोडा थांबला. नाही म्हणाला.

खोटं बोलला नाही तो. त्यानं त्या दिवशी मामांना पाणीही पाजलं होतं, हे मामांनीच मला सांगितलं होतं. त्याला जे शिकवलं ते त्यानं लिहिलं. झोकांड्या, वास, नशा हा मजकूर तयारच असतो, त्यात फक्त नाव भरायचं. बोटाला टोचून साखर सांगणारं यंत्र कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. ते एक चौकीत असतं आणि आधी ते वापरा असं कोणी त्या पोराला सांगितलं असतं तर मामांना वेळेवर साखर मिळाली असती. साखर आणखी खाली गेली असती तर माणूस बेशुद्ध पडतो, जिवावर बेततं. ह्याची मला दंडापेक्षा जास्त भीती वाटते, अजूनही वाटते. प्यायलाय समजून कोठडीत झोपू दिलेला मधुमेही सकाळी उठेलच असं नाही.

डॉक्टर आले, ५२ चा कागद दाखवला, सरकारी वकिलांनी एकदोन प्रश्न विचारले आणि सोडलं.

सोमवार

निर्दोष मुक्तता.

निकाल ऐकून मामांनी न्यायाधीशांना हात जोडले, मॅडमना जोडले आणि बाहेर येऊन त्या कॉन्स्टेबललाही जोडले. तो दुसऱ्याच केससाठी आला होता, गोंधळून गेला. मामींनी घरी शेंगाच्या पोळ्या केल्या. जेवताना मामा म्हणाले, कारखान्यात साखरेच्या गोळ्या खाणारे बरेच आहेत, रातपाळीला उपवास करतात, त्या सगळ्यांना सांगायला पाहिजे. उद्याच सांगणार म्हणाले. जॉबरलासुद्धा.

निकालाच्या नक्कलेसाठी अर्ज करायचा राहिलाय. मामांची उद्या दिवसपाळी आहे, म्हणून मीच जाणार. मामांनी दोन प्रती सांगितल्या, एक कारखान्यात द्यायला आणि एक दिंडीतल्या लोकांना दाखवायला. मामी भाकरी थापत होत्या. मागं न वळता म्हणाल्या, "तीन काढ. एक माझ्याकडं राहू दे."